फुटबॉल काढावा कसा?
(स्नेहमेळाव्यात फळ्याजवळ उभं राहून केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आठवणी सांगू नकोस, त्या सगळ्यांकडे आहेत. तुझ्या कामातलं काहीतरी सांग." माझं काम तुम्हाला माहीत आहे. गेली तीस वर्षं मी इथे जळगावच्या एमआयडीसीत साच्यांची ड्रॉइंग काढतो. कागदावर रेघ अर्धा मिलिमीटर सरकली की लोखंडात साचा सरकतो आणि मग मालक माझ्याकडे बघतो. तेव्हा कामातलं सांगायचं म्हणजे रेघांबद्दलच सांगणार. वीस मिनिटं मिळाली आहेत. त्यात आपण सगळे मिळून फुटबॉल काढायचा आहे. खेळायचा नाही, गुडघ्यांची काळजी नको.

तुमच्या खुर्चीवर एकेक कोरा कागद ठेवला आहे. आधी एक मिनिट मनाने काढा. काळा-पांढरा, नेहमीचा फुटबॉल.

(इथे एक मिनिट थांबलो. मागच्या रांगेतून "भो, परीक्षा नको घेऊ रे आता!" असा आवाज आला.)

झालं? आता शेजाऱ्याच्या कागदात डोकवा. आज परवानगी आहे. बहुतेकांनी एक गोल काढला असेल, मधे एक षटकोन, त्याला चिकटून आणखी षटकोन, आणि कडेला आल्यावर काय करायचं ते न कळल्याने तिथे नुसत्या रेघोट्या. चेंडूऐवजी मधमाश्यांचं पोळं झालं असेल. आणि मग आपण म्हणतो, "मला चित्र येत नाही. माझा हातच नाही."

हाताचा इथे काही संबंध नाही. चित्र जिथे अडलं, तिथे भूमिती अडली आहे.

षटकोनाचा कोन १२० अंशांचा. एका बिंदूपाशी तीन षटकोन आले की १२० त्रिक ३६०. पूर्ण फेरा भरला, जरासुद्धा फट राहिली नाही. फट नाही म्हणजे वाकायला जागा नाही. म्हणून नुसते षटकोन जोडत गेलात तर गावभर फरशी घालता येईल, पण चेंडू कधीच होणार नाही. आपल्याकडे खापरावर मांडा घालतात. तो खापराच्या उंचवट्यावर नीट बसतो, कारण कणीक ताणते. कातडं तसं ताणत नाही. त्याला गोलाई द्यायची तर कुठेतरी थोडं कमी करावं लागतं. पत्रावळ आणि द्रोण आठवा. पानं तीच. पत्रावळ सपाट राहते, आणि पानाला चुण्या घालून घेर कमी केला की खोलगट द्रोण होतो.

फुटबॉलात ही चुणी पंचकोन घालतो. त्याचा कोन १०८ अंशांचा. प्रत्येक कोपऱ्यावर एक पंचकोन आणि दोन षटकोन येतात. १०८ अधिक १२० अधिक १२०, म्हणजे ३४८. फेऱ्याला १२ अंश कमी पडले. तेवढ्या १२ अंशांनी कातडं वाकतं.

आता हिशेब पुढे न्या. चेंडूवर ३२ तुकडे असतात, १२ पंचकोन आणि २० षटकोन. कोपरे ६०. प्रत्येक कोपऱ्यावर एकच पंचकोन येतो आणि एका पंचकोनाला पाच कोपरे असतात, म्हणून ६० भागिले ५, बरोबर १२. शिवणीच्या रेघा ९०. आणि प्रत्येक कोपऱ्यावरची तूट १२ अंश, गुणिले ६०, म्हणजे ७२० अंश. सपाट तुकडे जोडून बाहेर फुगीर असा कुठलाही बंद आकार करा, फासा घ्या, पिरॅमिड घ्या, सगळ्या कोपऱ्यांची मिळून तूट ७२० च येते. फाशाला आठ कोपरे, प्रत्येकावर तीन काटकोन, म्हणजे प्रत्येकी ९० ची तूट. आठ नव्वे सातशेवीस. घरी जाऊन नातवंडांना विचारा.

हे आकडे आले कुठून, तेही सांगतो, कारण काढताना उपयोगी पडेल. वीस समभुज त्रिकोणांचा एक घन असतो. त्याला १२ टोकं, आणि प्रत्येक टोकावर पाच त्रिकोण भेटतात. आता प्रत्येक कडेचे तीन सारखे भाग करा आणि टोकाकडचा तिसरा भाग सुरीने कापून टाका. जिथे टोक होतं तिथे पंचकोन तयार झाला, आणि प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोपरे गेल्यामुळे त्याचा षटकोन झाला. बारा आणि वीस. हा आकार आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घनांपैकी एक आहे. १५०९ साली छापलेल्या पाचोलीच्या पुस्तकासाठी लिओनार्दो दा विंचीने त्याचं चित्र काढलं होतं. म्हणजे फुटबॉलच्या कितीतरी आधी त्याचं चित्र तयार होतं.

हे झालं बाहेरचं. आता घरचं सांगतो, कारण पुढचा आकडा मी आपल्या जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसाकडून घेणार आहे.

पाटणादेवीला आपल्यापैकी बहुतेक जण गेले असतील. चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत. पाटणला इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. यादव राजा सिंघणाच्या दरबारी चंगदेव नावाचा मुख्य ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, असं त्या लेखात आहे. तो आजोबा म्हणजे भास्कराचार्य. जन्म १११४, आणि 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला तो छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये. 'लीलावती' हा त्याचाच भाग. भास्कराचार्यांचं मूळ गाव नेमकं कोणतं यावर विद्वान वाद घालतात, तो त्यांनी घालावा. पण त्यांचं गणित शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात एक शाळा निघाली होती, हे दगडात कोरलेलं आहे.

'लीलावती'त वर्तुळात बसणाऱ्या सारख्या बाजूंच्या आकृत्यांची एक यादी आहे. त्रिकोणापासून नऊ बाजूंपर्यंत. वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौकोनाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४ आणि षटकोनाची ६०,०००. तुमचा व्यास जो असेल त्याने या आकड्याला गुणा आणि १,२०,००० ने भागा, बाजू मिळाली. आजच्या कॅल्क्युलेटरवर पंचकोनाचा आकडा ७०,५३४.२ येतो. सात आणि नऊ बाजूंचे आकडे मात्र मूळ ग्रंथात अकरा-अकरा एककांनी कमी आहेत. एक लाख वीस हजारात अकरा! माझ्या कारखान्यात एवढ्या फरकाने साचा परत आला नसता.

आणखी एक. गोलाचं पृष्ठफळ सांगताना भास्कराचार्य चेंडूवरच्या जाळीची उपमा देतात. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली की चेंडूभोवतीच्या जाळीसारखं गोलावरचं क्षेत्रफळ मिळतं, असं त्यांचं सांगणं. म्हणजे समोरून चेंडूचं जे वर्तुळ दिसतं, तशा चार वर्तुळांएवढं कातडं त्याला लागतं. मोठ्यांच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. ७० धरला तर सुमारे १,५६० चौरस सेंटिमीटर.

आता कागद उलटा करा. कंपास, पट्टी, पेन्सिल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी फळ्याकडे बघा, मी दोरी आणि खडूने तेच करतो, फक्त पाचपट मोठं.

पहिली पायरी. कागदाच्या मध्यावर नऊ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. हा चेंडू. त्याच केंद्रातून सहाचं आणि तीनचं, अशी आणखी दोन वर्तुळं अगदी फिकट काढा. कडेचे तीन भाग करून टोक कापलं होतं ना, त्या तीन भागांमुळेच इथे तीन, सहा आणि नऊ आले. काटेकोर हिशेबाने आतलं वर्तुळ तीनपेक्षा एक मिलिमीटरने आणि मधलं सहापेक्षा जवळपास दोन मिलिमीटरने मोठं हवं. डोळ्याला कळत नाही.

दुसरी पायरी. मोठ्या वर्तुळाचे पाच सारखे भाग करायचे. इथे भास्कराचार्य. आपला व्यास १८. १८ गुणिले ७०,५३४ भागिले १,२०,०००, उत्तर १०.५८. कंपास १०.६ सेंटिमीटर उघडा, वरच्या टोकापासून वर्तुळावर पावलं टाकत जा. पाचव्या पावलाला निघालात तिथे परत याल, फार तर एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने.

तिसरी पायरी. हे पाच बिंदू केंद्राला जोडा आणि प्रत्येक रेघ केंद्राच्या पलीकडे समोरच्या कडेपर्यंत वाढवा. आता दहा रेघा दिसतील, एकाआड एक. बिंदूंकडे जाणाऱ्या पाच, त्यांना मुख्य म्हणू. त्यांच्या मधून जाणाऱ्या पाच, त्यांना मधल्या म्हणू.

चौथी पायरी. मुख्य रेघा तीनच्या वर्तुळाला जिथे छेदतात ते पाच बिंदू जोडा. मधला पंचकोन झाला. त्याची बाजू मोजा, साडेतीन सेंटिमीटर भरेल. हे माप लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. मग मुख्य रेघेचा तीनच्या वर्तुळापासून सहाच्या वर्तुळापर्यंतचा तुकडा गडद करा. पंचकोनाला पाच पाय फुटले.

पाचवी पायरी. मधल्या रेघांवर केंद्रापासून साडेसात सेंटिमीटरवर खूण करा. तिथे रेघेला काटकोनात एक आडवी रेघ, साडेतीन लांबीची, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. अशा पाच. आता प्रत्येक पायाचं टोक दोन्ही बाजूंच्या आडव्या रेघांच्या जवळच्या टोकांना जोडा. मोजून बघा, मधल्या पंचकोनाभोवती पाच पूर्ण षटकोन तयार झाले.

सहावी पायरी. मुख्य रेघांवर ८.७ सेंटिमीटरवर खूण, आणि तिथेही तशीच साडेतीनची आडवी रेघ. तिची टोकं मोठ्या वर्तुळाला जवळजवळ टेकतील. ही टोकं शेजारच्या साडेसातवाल्या रेघांच्या जवळच्या टोकांना जोडा. कडेचे पाच पंचकोन झाले. ते चपटे दिसतात, त्यांची उंची मधल्यापेक्षा सुमारे निम्मी. घाबरू नका, तसेच दिसले पाहिजेत. भाकरी समोरून धरली तर पूर्ण गोल दिसते, तिरपी केली की लांबट दिसते. भाकरी तीच असते.

सातवी, शेवटची. मोठ्या वर्तुळावर मुख्य आणि मधल्या रेघेच्या बरोबर मध्यावर एकेक खूण करा, एकूण दहा. ८.७ वाल्या रेघांच्या टोकांपासून जवळच्या खुणेपर्यंत छोटी रेघ ओढा. ही शिवण पलीकडे वळून चेंडूच्या मागे जाते. आता फिकट रेघा खोडा आणि सहा पंचकोन काळे करा. रेघा कडेकडे जाताना बाहेरच्या बाजूला किंचित फुगवल्यात तर चेंडूत हवा भरल्यासारखी वाटेल.

बघा बरं एकमेकांचे कागद. जिने चाळीस वर्षांपूर्वी चित्रकलेच्या वहीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, तिचाही फुटबॉल झाला आहे. मला इथून दिसतोय.

हा काळा-पांढरा चेंडू जगभर पोहोचला तो १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकातून. त्याचं नाव टेलस्टार. बारा पंचकोन काळे केले ते कृष्णधवल टीव्हीवर चेंडू उठून दिसावा म्हणून. आपली दहावीची परीक्षा १९८६ ची. निकालाच्या दिवसांतच पुन्हा मेक्सिकोत विश्वचषक होता, आणि २९ जूनच्या अंतिम सामन्यात मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला ३-२ ने हरवलं. त्या चेंडूवर काळे पंचकोन नव्हते, नक्षी वेगळी होती. पण नक्षीखालची शिवण याच ३२ तुकड्यांची. २००६ पासून विश्वचषकाच्या चेंडूंचे तुकडे कमी झाले, २०१४ च्या चेंडूला तर सहाच होते. तरी आज कुठल्याही मुलाला फुटबॉल काढायला सांगा, तो हाच काढायला बघतो. आपल्या देशात जालंधर आणि मेरठला असे चेंडू आजही हातांनी शिवले जातात. एका चेंडूला ९० शिवणी.

आणि १९८५ मध्ये, आपण दहावीत असतानाच, क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनचा एक रेणू सापडला. साठ अणू, या चेंडूच्या साठ कोपऱ्यांवर एकेक. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. रसायनशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून यापुढे काही बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या वेळी भूमितीचा तास मधल्या सुट्टीच्या आधी असायचा आणि चित्रकलेचा नंतर. मधे एवढी मोठी सुट्टी असल्यामुळे आपल्याला ते दोन वेगळे विषय वाटले. भूमिती हुशारांची, चित्रकला हौशी मुलांची. खरं म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्यांना भूमितीची चित्रं काढावी लागायची. चित्रकलेच्या सरांच्या हातात कंपास होता आणि भूमितीच्या बाईंच्या हातात रंगीत खडू. दोघं एकच गोष्ट शिकवत होते. कुठे कमी पडतंय ते मोजा, म्हणजे पुढची रेघ कुठे जाते ते दिसेल. मी पोट भरतो ते याच्यावर.

हे आज सांगायचं कारण आहे. गेल्या महिन्यात मी शाळेत जाऊन आलो. चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. ग्रेड परीक्षेला मुलं बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. पण शिकवणारं कोणी नाही. चित्रकलेच्या खोलीत जुनी बाकं रचून ठेवली आहेत. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून स्मार्ट बोर्ड द्यावा असा प्रस्ताव आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. बोर्डावर बोट लावलं की फुटबॉल दिसेल, फिरेलसुद्धा. पण तो आपला हात धरून पाच पावलं टाकायला लावणार नाही. आणि ज्या मुलाने स्वतः १०.६ उघडून पाचव्या पावलाला मूळ जागी येऊन बघितलं, त्याला "मला येत नाही" म्हणायची सवय लागत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. निधीतला काही भाग ती खोली मोकळी करायला, फळ्यावरचे दोन मोठे लाकडी कंपास घ्यायला आणि साठ कंपासपेट्या घ्यायला द्यावा. साठ का, ते आता तुम्हाला माहीत आहे. संस्थेकडे जागा भरण्यासाठी आपण सगळ्यांनी सह्यांचं पत्र द्यावं. आणि ती भरेपर्यंत दर शनिवारी सकाळी एक तास मी येईन. फी नाही. चहा मात्र लागेल. आणखी कोणी येणार असेल तर जेवणाच्या वेळी मला नाव सांगा. सुतारकाम येणारा चालेल, शिवणकाम येणारी तर हवीच. नऊवारीचं माप काढणाऱ्या बाईला गोलाई माझ्यापेक्षा जास्त कळते.

गुरुजनांना एवढंच सांगतो. सर, बाई, तुम्ही दिलेला कंपास अजून हातात आहे. आज हा फळा मी पुसत नाही. उतरताना बघून घ्या, पाचव्या पावलाचा फरक किती पडलाय.